ग्लॅम रॉकची जुनी गाणी गिटारवर वाजवताना: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर, बीड इथली गिटार वाजवणारी मुलं-मुली, त्यांचे आईवडील आणि गॅदरिंग-गणपतीचे कार्यक्रम ठरवणारी मंडळी आम्हाला जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आम्ही १९७० च्या दशकातली ग्लॅम रॉकची गाणी वाजवतो आणि शिकवतो. या गाण्यांवर आमचा फार जीव आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

ग्लॅम रॉक म्हणजे नेमकं काय?

मार्च १९७१ मध्ये टी. रेक्सचा मार्क बोलन ‘हॉट लव्ह’ हे गाणं घेऊन बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात आला, तो डोळ्यांखाली चमकी लावून. ग्लॅम रॉकची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. पुढची तीन-चार वर्षं ब्रिटनमध्ये या संगीताची चलती होती. टी. रेक्स, डेव्हिड बोवी, स्लेड, स्वीट, मॉट द हूपल, रॉक्सी म्युझिक, सुझी क्वात्रो ही त्यातली मोठी नावं. त्याआधी रॉकमधली गाणी लांबत चालली होती, सोलो (एकट्या वाद्याचे लांब तुकडे) संपता संपत नव्हते. या मंडळींनी तीन-चार मिनिटांचं, पाय थिरकवणारं गाणं परत आणलं. चक बेरीचा जुना रॉक अँड रोल घेतला, त्यावर जाड आवाजाची गिटार, टाळ्या आणि कोरस चढवला. ‘गेट इट ऑन’च्या शेवटाकडे बोलन चक बेरीच्या ‘लिटल क्वीनी’मधली एक ओळ म्हणूनच जातो, इतकं ते नातं उघड आहे. नाव पडलं ते कपड्यांमुळे आणि मेकअपमुळे, पण गाणी आजवर टिकली ती त्यांच्या रिफमुळे (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यामुळे), असं आमचं ठाम मत आहे.

ऐंशीच्या दशकातले केस फुगवलेले अमेरिकन बँड म्हणजे हेच का?

नाही. तो ग्लॅम मेटल. मेकअप आणि भडकपणा त्यांनी ग्लॅम रॉककडून घेतला, पण गिटारचा बाज वेगळा: गेन (आवाज फाटेपर्यंत वाढवणं) भरपूर आणि बोटांचा वेग जास्त. क्वायट रायट या बँडने १९८३ मध्ये स्लेडचं १९७३ चं ‘कम ऑन फील द नॉइझ’ पुन्हा वाजवलं. दोन्ही रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

गिटार शिकायला लागून काही महिनेच झालेत. कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू?

‘गेट इट ऑन’पासून. कडव्यात ई आणि ए हे कॉर्ड, ध्रुवपदात जी, ए आणि ई. बस्स, एवढ्यावर १९७१ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत त्याचं नाव बदलून ‘बँग अ गाँग’ केलं होतं, त्यामुळे शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

दुसरं, बोवीचं १९७४ चं ‘रेबेल रेबेल’. डी आणि ई या दोन कॉर्डभोवती फिरणारी एकच रिफ जवळजवळ पूर्ण गाणंभर चालते. वरच्या (बारीक) तारा मोकळ्या वाजत राहिल्या पाहिजेत, बोट चुकून टेकलं की सगळी चमक जाते. डाव्या हाताची बोटं उभी ठेवायची सवय लावायला याहून चांगलं गाणं आम्हाला मिळालेलं नाही.

तिसरं, ‘झिगी स्टारडस्ट’. कडव्यात जी, बी मायनर, सी, डी. बी मायनरचा बॅर कॉर्ड (एक बोट आडवं टाकून बऱ्याच तारा एकदम दाबायचा) नवख्यांना छळतो, म्हणून ते तिसरं. त्यानंतर ‘ऑल द यंग ड्यूड्स’ घ्या. डी कॉर्डखालचा बेस एकेक पायरी खाली उतरत जातो, आणि ती उतरंड नीट ऐकू आली तरच गाणं उभं राहतं. हे गाणं बोवीने लिहिलं आणि १९७२ मध्ये मॉट द हूपलला दिलं. आधी त्याने त्यांना ‘सफ्रजेट सिटी’ देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं.

कॉर्ड सगळे बरोबर लागतात, तरी माझं गाणं मूळ गाण्यासारखं वाटत नाही. असं का?

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर जवळपास प्रत्येक वेळी एकच असतं: उजवा हात.

आपल्याकडे बहुतेक जण मोबाईलवर कॉर्ड बघून शिकतात. स्क्रीनवर शब्दांच्या वर ई, ए, जी लिहिलेलं असतं, आणि उजव्या हाताचं काहीच लिहिलेलं नसतं. मग सगळी गाणी एकाच वर-खाली स्ट्रमिंगने वाजतात, हिंदी असो, मराठी असो वा बोलन. ग्लॅम रॉकमध्ये ई कॉर्ड किती वेळ वाजतो यापेक्षा तो कधी थांबतो हे महत्त्वाचं आहे. बोलनच्या गिटारमध्ये शांत जागा भरपूर आहेत. तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून आवाज दाबायचा, मग एका ठोक्यावर हात उचलून मोकळा सोडायचा, आणि लगेच डावा हात सैल करून तार बंद करायची.

सराव असा करा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) लावा, मिनिटाला साधारण ८० ठोक्यांवर. फक्त ई पॉवर कॉर्ड, म्हणजे खालच्या सुराच्या, जाड दोन-तीन तारा. पिक फक्त खाली. पाच मिनिटं कॉर्ड बदलू नका. पहिल्या मिनिटाला कंटाळा येईल, तिसऱ्या मिनिटाला आपला हात कुठे पुढे पळतो ते ऐकू येऊ लागेल. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वेग वाढवण्याची घाई नको. ‘गेट इट ऑन’ सव्वाशेच्या आसपास आहे, पण तिथे पोचेपर्यंत हात सैल राहिला पाहिजे. मनगट ताठ झालं की थांबा.

आणि आवाज बारीक-मोठा करायला ॲम्पकडे धावू नका. पिक तारेवर किती खोल जातो, यावर बराच फरक पडतो. कडव्यात पिकचं टोक, ध्रुवपदात अख्खा हात.

काही गाणी डुलत डुलत चालतात. तो ठेका हाताला बसत नाही.

तो शफल. ‘हॉट लव्ह’ आणि स्वीटचं ‘बॉलरूम ब्लिट्झ’ त्यात आहेत. प्रत्येक ठोक्याचे तीन समान भाग करा आणि त्यातला पहिला आणि तिसरा वाजवा, मधला सोडा. भजनाला बसलेल्यांना दादऱ्याच्या मात्रा अंगवळणी असतात. तोंडाने ‘धा धी ना’ म्हणत मधल्या ‘धी’वर हात हवेत ठेवा. आमच्याकडे तबला शिकलेली मुलं शफल आठवड्याभरात पकडतात. नुसती गिटार शिकलेल्यांना जास्त दिवस लागतात.

आमच्या गावात ड्रम सेट नाही आणि ड्रमरही नाही. बँड कसा करायचा?

ऑर्केस्ट्रावाल्यांना भेटा. मराठवाड्यात लग्नसराईत आणि जयंती-उत्सवांत वाजवणारे ऑक्टोपॅडवादक तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि ते लयीला फार पक्के असतात. त्यांना दोन गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. पहिली, भरणा कमी. ग्लॅममध्ये किक आणि स्नेअर जड आणि साधी असते. दर चार मात्रांनी रोल आला की रिफ बुजते. दुसरी, पॅडवर कोरडा, खोलीतल्या ड्रमसारखा आवाज निवडायचा. प्रतिध्वनी घातलेला नको.

ऑक्टोपॅडही नसेल तर टी. रेक्सकडेच या. बोलनने सुरुवात केली ती टायरॅनोसॉरस रेक्स या नावाने, एक अकूस्टिक गिटार आणि एक बोंगो अशा जोडीत. पुढे मोठा बँड झाला तरी मिकी फिनचे काँगो त्यात राहिले. म्हणजे गिटारच्या जोडीला हाताने वाजवायचं चर्मवाद्य ही या गाण्यांची मूळची सवय आहे. काँगो असेल तर उत्तमच. ढोलकी घेतलीत तर शाई लावलेल्या पुडीचा खणखणाट आवरायचा आणि धुम्म्याचा घुमारा पुढे ठेवायचा. लावणीची लग्गी कितीही हातात असली तरी इथे ती वाजवू नका, गाण्याचा तोल दुसरीकडे जातो.

टाळ्या आणि पाय आपटणं विसरू नका. स्लेडच्या गाण्यांत तो आवाज वाद्याइतकाच महत्त्वाचा आहे. दोन मित्र माईकशेजारी उभे करा, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी. वाजवणारा एक माणूस कमी पडत असेल तर ही दोन माणसं ती उणीव भरून काढतात.

गिटार महागडीच लागते का?

नाही. क्वीनच्या ब्रायन मेने आपली ‘रेड स्पेशल’ गिटार १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच बनवली, तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची आहे, आणि तो सगळं आयुष्य तीच वाजवत आला. तुम्हाला घरी गिटार बनवायची गरज नाही. पण दुकानात जाताना नावापेक्षा या गोष्टी बघा: मान सरळ आहे का, तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच नाहीत ना, बाराव्या फ्रेटवर सूर बरोबर येतो का. या गाण्यांसाठी हंबकर (दोन गुंडाळ्यांच्या) पिकअपची, म्हणजे तारेचा कंप पकडणाऱ्या भागाची, गिटार सोयीची, कारण आवाज जाड मिळतो आणि घरघर कमी होते. तारा ००९ किंवा ०१० जाडीच्या.

मिक रॉन्सनचा तो नाकातून आल्यासारखा, बोचरा आवाज कसा काढायचा?

बोवीच्या ‘झिगी’ काळातला हा गिटारवादक इंग्लंडमधल्या हल शहराचा. रंग खरवडून काढलेली लेस पॉल कस्टम, मार्शलचा २०० वॉटचा ॲम्प, टोन बेंडर फझ (आवाज फाडणारं पेडल) आणि वाह पेडल (पायाने आवाजाचा रंग बदलणारं) ही त्याची हत्यारं. त्यातली खरी युक्ती वाह पेडलमध्ये आहे. तो बऱ्याचदा पेडल पुढे-मागे हलवायचा नाही, अर्ध्यावर एका जागी ठेवून द्यायचा. त्यामुळे मधला एक पट्टा वर येतो आणि गिटार गर्दीतून वाट काढते.

तुमच्याकडे साधा इफेक्ट प्रोसेसर (एकाच डब्यात अनेक पेडल) असेल तर त्यात वाह निवडा, पेडल मध्यावर सोडा, थोडं पुढे-मागे करून तुमच्या गिटारची जागा शोधा. ओव्हरड्राइव्ह (आवाजाचा फाटकेपणा) तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. बेस कमी, मिड (मधला पट्टा) जास्त. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज कर्कश वाटेल. बँडमध्ये तोच बरोबर बसतो. याच्या उलट, घरी गोड वाटणारा मिड काढलेला आवाज मंडपात पूर्ण गायब होतो.

सोलो वाजवताना तार ओढतो, पण सूर लागत नाही.

बोवीच्या ‘मूनएज डेड्रीम’चा सोलो ऐका. वेग जवळजवळ नाहीच, सगळा खेळ ओढलेल्या तारेचा आणि तिच्या लांबणाऱ्या सुराचा आहे. आपल्या कानाला मींड माहीत आहे, त्यामुळे श्रोता गिटारचा जाणकार नसला तरी सूर अर्ध्यावर राहिला की त्याला खटकतं. आधी दोन फ्रेट पुढचा सूर नुसता वाजवा, तो गळ्याने म्हणा, मग मागे येऊन तार तिथपर्यंत ओढा. एका बोटाने ओढू नका, मागच्या दोन बोटांचा आधार द्या. पेटी हाताशी असेल तर तो सूर पेटीवर धरून ठेवायला घरच्या कुणाला सांगा. आम्ही शिकवताना असंच करतो.

फक्त अकूस्टिक गिटार आहे. चालेल?

चालेल. बोवीची कितीतरी गाणी बारा तारांच्या अकूस्टिकवरच उभी आहेत. ‘स्टारमॅन’ घ्या.

मूळ पट्टीत गाता येत नाही. काय करावं?

पट्टी बदला. ‘गेट इट ऑन’ ई मध्ये आहे, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. गायकाला थोडं खाली हवं असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा, काळी दोन होईल. बोटांची मांडणी तीच राहते आणि तारा सैल झाल्याने ओढायलाही सोपं जातं. वर जायचं असेल तर कॅपो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, पण मोकळ्या खालच्या तारेवर उभ्या असलेल्या रिफचं वजन कॅपोने कमी होतं. ‘गेट इट ऑन’ला शक्यतो कॅपो नको.

उंच आवाजातला कोरस मात्र सोडू नका. टी. रेक्सच्या रेकॉर्डवर तो हॉवर्ड केलन आणि मार्क व्होल्मन या दोघांनी गायला आहे, आणि निम्मी मजा त्यात आहे.

ॲम्प लावला की घरघर येते, आणि माईकला ओठ लागला की झटका बसतो.

झटका बसत असेल तर त्या क्षणी वाजवणं बंद करा. यात थट्टेवारी नको, जीव जाऊ शकतो. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि माईकची जाळी मिक्सरच्या. एका ठिकाणी अर्थिंग नसेल किंवा दोन्हीकडची वीज वेगवेगळ्या फेजवरून आली असेल, तर तुमचं शरीर त्या दोघांमधली तार बनतं. जुन्या वाड्यांत, शेतातल्या घरात आणि मंडपात ही अडचण नेहमीची आहे. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, तीन पिनांची पिन मोडून दोनवर लावू नका, आणि कार्यक्रमाआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थ लिकेजवर बंद पडणारा ब्रेकर मंडपाच्या बोर्डाला असलाच पाहिजे, असा आग्रह धरा.

नुसती घरघर असेल तर कारणं साधी असतात: सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे) पिकअप, रोषणाईच्या माळा, डिमर, जवळचा मोबाईल. जागा बदला, गिटारचं तोंड थोडं फिरवा, फरक पडतो.

उन्हाळ्यात गिटार बिघडते. काय काळजी घ्यावी?

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ च्या वर जातो आणि हवा अगदी कोरडी होते. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात, अकूस्टिकच्या वरच्या फळीला तडा जाऊ शकतो. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि ती गिटारच्या पेटीत ठेवून पेटी बंद करा. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बघा.

कूलरबद्दल सगळे विचारतात. कूलर असलेल्या खोलीत गिटार ठेवणं चांगलं, कारण हवेत ओलावा राहतो. थेट झोतासमोर मात्र नको, तारा गंजतात आणि लाकूड एका बाजूने फुगतं. रेकॉर्डिंग करताना कूलर बंद करा, त्याच्या मोटरचा आवाज पिकअपमध्येही येतो आणि माईकमध्येही. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत गिटार ठेवू नका.

मुलगा लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली घेऊन राहतो. गिटार पाठवू का?

पाठवा, पण ॲम्प पाठवू नका. गिटारच्या सॉकेटमध्ये थेट बसणारे हेडफोन ॲम्प मिळतात, शेजारच्या पलंगावरच्या मुलालाही ऐकू जात नाही. दिवसातून वीस मिनिटं उजव्या हाताचा सराव पुरेसा आहे. क्लासच्या एका तासानंतर दुसरा सुरू होण्याआधी तेवढी उसंत त्याला हवीच असते. मार्क कमी पडले म्हणून गिटार काढून घेण्याआधी त्याच्याशी एकदा बोला, एवढी विनंती.

चमकदार कपडे आणि मेकअप करायलाच हवा का? घरचे ऐकत नाहीत.

करायलाच हवा असं नाही. पण आम्ही करतो आणि करावं असं सांगतो, कारण अंगावरच्या कपड्यांनी वाजवणाऱ्याचा खांदा बदलतो, उभं राहणं बदलतं. घरच्यांना बालगंधर्वांची आठवण द्या. पुरुषाने शालू नेसून रंगमंचावर उभं राहणं महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं आहे, तमाशातला नाच्याही आपलाच.

कपड्यांसाठी परदेशी काही मागवू नका. संभाजीनगरचा हिमरू आहे ना! सुती आणि रेशमी धाग्यांचं ते चमकदार विणकाम दिव्याखाली जसं दिसतं, तसं कुठल्याही नकली साटीनला जमत नाही. हिमरूची शाल किंवा जाकीट, जुन्या जरीकाठाचा पट्टा, गालावर थोडी चमकी. चमकी चेहऱ्यासाठीचीच घ्या. रांगोळीतली किंवा कागदकामाची डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

मुलींसाठी यात काही आहे का?

डेट्रॉइटहून इंग्लंडला आलेली सुझी क्वात्रो बेस गिटार गळ्यात अडकवून, चामड्याच्या पोशाखात बँडच्या मधोमध उभी राहिली आणि १९७३ मध्ये ‘कॅन द कॅन’ पहिल्या क्रमांकावर नेलं. बेस वाजवत गाणं अवघड आहे. ते जमवलेल्या मुली आमच्याकडे आहेत आणि त्यांचा बँड ऐकण्यासारखा आहे.

आमच्या भागात हे कोण ऐकणार?

ऐकतात. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात, गॅदरिंगला, गणपतीत वाजवून आम्ही हे सांगतो आहोत. लोकांना गाणं माहीत नसतं हे खरं, म्हणून क्रम विचारपूर्वक लावा. सुरुवात ओळखीच्या हिंदी-मराठी गाण्याने, मग टाळ्या वाजवता येतील असं स्लेडचं गाणं, त्यानंतर बोलन. संथ बोवी शेवटाकडे. गाण्याआधी दोन वाक्यांत ते कुणाचं, कधीचं हे मराठीत सांगा. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तिथेच त्याने पहिला बँड केला, हे सांगितलं की पुढच्या रांगेतले आजोबाही कान देतात.

रेकॉर्डवर आवाज विरत जाऊन संपणारी गाणी मंचावर तशी संपवता येत नाहीत. शेवट आधी ठरवा: रिफ चार वेळा, मग ई वर सगळ्यांनी एकत्र थांबायचं. तालमीत सर्वांत जास्त वेळ यालाच द्या.

वेळेचं भान ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस तुमच्या जिल्ह्यात कोणते आहेत, हे मंडळाकडून आधी विचारून घ्या.

या चालींवर मराठी शब्द लिहून गाऊ का? यूट्यूबवर टाकू का?

घरी, तालमीत हवं तसं गा. पण दुसऱ्याच्या गाण्याला नवे शब्द लावून प्रसिद्ध करायला हक्कदाराची परवानगी लागते, नुसतं नाव दिल्याने भागत नाही. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात मूळ गाणी वाजवायची असतील तर सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) घ्यावा लागतो, आणि तो घेण्याची जबाबदारी आयोजकावर टाका, लेखी. यूट्यूबवर टाकलेल्या कव्हरवर बऱ्याचदा हक्काचा दावा येतो. व्हिडिओ राहिला तरी जाहिरातीचे पैसे मूळ हक्कदाराकडे जाऊ शकतात. मूळ रेकॉर्ड मागे वाजवत त्यावर गिटार मात्र टाकू नका, तो वेगळा आणि जास्त गंभीर मामला आहे.

एसटीने गिटार नेता येते का?

येते. मऊ पिशवीपेक्षा कडक पेटी घ्या, डिकीत टाकू नका, उन्हाळ्यात आत भट्टी असते. मागच्या सीटजवळ उभी ठेवा आणि चढतानाच कंडक्टरला विचारा. लांबच्या प्रवासाआधी तारा दोन फेरे सैल करा. पोचल्यावर पेटी लगेच उघडू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या, मग सुरात लावा.